शेवटचा रकाना

सर्वेशने जानकीबाईंना मोटरसायकलवर मागे बसवलं, डब्याची पिशवी त्यांच्या मांडीवर नीट ठेवली आणि गाडी उतारावर सोडली. गॅलरीच्या ग्रिलमागून नलिनीबाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. नऊ वाजून अकरा मिनिटं. जानकीबाई चौकात येऊन दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

खाली पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिप लावलेलं पॅड, खांद्याला बंद छत्री. तिनेही घड्याळात पाहिलं, कागदावर काहीतरी टिपलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. आठ वाजल्यापासून ती तशीच उभी होती, आणि आठ वाजल्यापासून नलिनीबाईही ग्रिल धरून तशाच उभ्या होत्या.

जानकीबाईंच्या आधी सहा माणसं आली होती. सहाही जणांना कुणी ना कुणी गाडीवर घालून खाली नेलं होतं. सुयोगची स्कूटर गेली की सर्वेशची मोटरसायकल येई, ती गेली की मागून आणखी कुणीतरी. मंडळाची ही पोरं सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत अंथरूण सोडत नसत. आज कामावर दांडी मारून, इस्त्रीचे शर्ट घालून, ती चौकात हजर होती.

कॉलनी घाटकोपरच्या डोंगरावर, वस्ती संपते तिथे. खालच्या नाक्यापासून दीड किलोमीटरचा चढ. बस नाक्यावरूनच वळते. रिक्षावाल्याला ‘वर’ म्हटलं की तो मान हलवतो, कारण परतताना भाडं मिळत नाही. फोनवरून गाडी बोलावली तर ती नकाशात जागच्या जागी पाच मिनिटं थांबते, मग ड्रायव्हरचा फोन येतो, “मॅडम, नाके पे आ जाओ ना,” आणि नाही म्हटलं की गाडी रद्द. नलिनीबाईंचा मुलगा प्रितम पवईच्या ऑफिसात जायला सकाळी सातलाच निघे. त्याने आईला ते ॲप तीनदा शिकवलं होतं. ते त्यांना पहिल्याच वेळी आलं होतं. येत नव्हती ती गाडी.

म्हणून त्यांनी अर्ज लिहायला घेतले. चौकात परवान्याच्या टॅक्सींचा थांबा हवा. चारच टॅक्सी, शेअरने, कॉलनी ते स्टेशन. सहा वर्षांत अकरा अर्ज झाले. बाराव्याला उत्तर आलं: परवानाधारक टॅक्सींच्या स्थानिक मागणीचे सर्वेक्षण मंगळवारी सकाळी आठ ते दुपारी एक या वेळेत करण्यात येईल, आणि त्याच्या निष्कर्षावर निर्णय होईल. उत्तर वाचून त्यांनी सर्वेशला फोन केला होता. “मंगळवारी मोजायला माणसं येणार आहेत रे. जरा लक्ष ठेव.”

सर्वेशने लक्ष ठेवलं होतं. ते आता समोर दिसत होतं.

नलिनीबाईंनी एकतीस वर्षं नाक्यावरच्या महापालिकेच्या शाळेत काढली. निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी त्या चालत खाली जात आणि तिसरीतल्या अडखळणाऱ्या मुलांना घेऊन बसत. जोडाक्षर आलं की मुलं कुंपणापाशी आलेल्या वासरासारखी थबकतात. तिथे ओरडायचं नसतं, बाजूला बसून वाट बघायची असते. हे काम त्यांना जमायचं आणि आवडायचं. चौदा महिन्यांपूर्वी गुडघा वाकेनासा झाला आणि ते थांबलं. गाडीवर मागे बसायलाही गुडघा वाकावा लागतो.

पोरांनी त्यावर उपाय काढला होता. सव्वीस जानेवारीला चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन, थेट शाळेच्या पटांगणात नेलं. वाटेत लोक दारात येऊन बघत होते. कुणीतरी व्हिडिओ काढला. पटांगणात मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने शेजारणीला विचारलेलं त्यांना ऐकू आलं, “ह्या बाईंना विसर्जनाला नेतायत का?” पोरं धापा टाकत हसत होती, खुशीत होती. त्यानंतर प्रत्येक शनिवारी सर्वेश विचारायचा, “बाई, नेऊ का?” आणि प्रत्येक शनिवारी त्या काहीतरी कारण सांगायच्या.

टॅक्सीत बसलं की कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. दार उघडायचं, बसायचं, भाडं द्यायचं, उतरायचं. नलिनीबाईंना एवढंच हवं होतं.

सव्वादहाला त्यांनी काठी घेतली आणि बावीस पायऱ्या उतरायला सुरुवात केली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, मग पुढची.

चौकात पोचताच सर्वेश धावत आला. चौतिशीचा, जाडसर, कपाळाला घाम.

“बाई, तुम्ही कशाला उतरलात? हाक मारायची ना.”

“हे काय चाललंय, सर्वेश?”

“काय म्हणजे? झकास चाललंय. सकाळपासून एक माणूस ताटकळलेला नाही.” त्याने आवाज खाली आणला. “त्या मॅडम बघतायत ना. पोहे दिले, चहा दिला, काही घेत नाहीत. पण बघतायत सगळं.”

“त्या काय मोजायला आल्यात, माहीत आहे का तुला?”

“टॅक्सीचं.”

“टॅक्सी मिळत नाही म्हणून किती माणसं थांबून राहतात, ते.”

सर्वेशने मागे वळून सुयोगच्या स्कूटरकडे पाहिलं. तिच्यावर एक म्हातारे गृहस्थ चढत होते.

“पण बाई,” तो म्हणाला, “बाहेरचा माणूस बघायला आला की आपलं कुणाचं काही अडलेलं दिसता कामा नये. तुम्हीच शिकवलंत ना.”

शिकवलं होतं. तिसरीच्या त्या वर्गात एकाहत्तर मुलं होती आणि नलिनीबाईंनी दुसऱ्या शिक्षिकेची मागणी केली होती. पाहणीला साहेब आले. आधीचा आठवडाभर त्यांनी मुलांना तयार केलं होतं: ज्याच्याकडे पेन्सिल नसेल त्याला शेजाऱ्याने हळूच द्यायची, ज्याला उत्तर येत नसेल त्याच्या पुढच्याने हात वर करायचा, रडू आलं तर गिळायचं. साहेब तासभर बसले. जाताना शेऱ्याच्या वहीत लिहून गेले, ‘एकाच शिक्षिकेकडून उत्तम व्यवस्था.’ दुसरी शिक्षिका कधीच आली नाही. सर्वेश त्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा.

“गाड्या बंद करा,” नलिनीबाई म्हणाल्या.

“आं?”

“सगळ्या. टाकीच्या मागे नेऊन लावा. एक वाजेपर्यंत कुणाला न्यायचं नाही.”

“मग लोकं जाणार कशी?”

“तेच तिला बघू दे.”

सर्वेशने मान खाजवली. पण बाईंनी सांगितलं होतं. त्याने शीळ घातली, पोरांना हातानेच खूण केली, आणि गाड्या एकेक करून टाकीमागे गेल्या.

नलिनीबाई कट्ट्यावर बसल्या. मुलगी जवळ आली. गळ्यातल्या कार्डावर नाव होतं, श्रुतिका.

“आजी, तुम्ही कुठे जायला थांबलाय?”

“नाक्यावर. शाळेत.”

“कधीपासून?”

त्यांनी घड्याळ पाहिलं. “दहा पंचवीसपासून लिही.”

श्रुतिकाने लिहिलं. कागदावर चार रकाने होते: पाच मिनिटांपर्यंत, दहापर्यंत, पंधरापर्यंत, पंधराच्या वर. पहिल्यात खुणांची दाटी झाली होती. पुढचे तिन्ही कोरे होते.

“कुठून आलीस, बाळा?”

“वाकोल्याहून. कंत्राटावर आहे मी.” तिने आजूबाजूला पाहिलं आणि पुटपुटल्यासारखं म्हणाली, “सांगू नये खरं तर. साहेब शेवटचाच रकाना बघतात. आज सकाळी वाटलं, इथे उगाच पाठवलं मला.”

“शेवटच्यात किती लागतात?”

“ते मला नाही माहीत. जास्त असले की बरं.”

मागे उभ्या असलेल्या सर्वेशने ते ऐकलं.

माणसं येऊ लागली. नेहमीच्या सवयीने रस्त्याकडे बघत, फोन काढत, फोन परत खिशात ठेवत. दोन बायका ‘चला गं, काय होतंय’ म्हणत पायीच उतरून गेल्या. त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात झाली नाही. मानसी नावाची नवी लग्न होऊन आलेली सून घामाघूम होत नलिनीबाईंकडे आली.

“बाई, काल सर्वेशदादा म्हणाले होते सोडतो म्हणून. माझा लेट मार्क लागेल हो.”

“थांब जरा. टॅक्सीसाठी मोजतायत.”

“मोजून टॅक्सी आज येणार आहे का?”

“आज नाही येणार.”

मानसीने तोंड फिरवलं, पण थांबली. एक माणूस बोलला, “म्हातारीच्या हट्टापायी वाट लागली सगळ्यांची.” हळूच बोलला, पण कट्टा काही लांब नव्हता. नलिनीबाईंनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि समोर बघत राहिल्या. मध्ये एक रिक्षा कुणाला तरी सोडायला वर आली आणि दोघांना घेऊन गेली. त्या दोघांना थांबून अठरा मिनिटं झाली होती. शेवटच्या रकान्यात नलिनीबाईंच्या खुणेखाली आणखी दोन खुणा. मग मानसीची. ऊन टाकीच्या सावलीत शिरलं, श्रुतिकाने छत्री उघडली, आणि त्या रकान्यातल्या खुणा एकाखाली एक वाढत गेल्या. प्रत्येक खुणेबरोबर नलिनीबाईंना जरा हायसं वाटे आणि लगेच कुणाच्याच चेहऱ्याकडे बघवत नसे.

अकरा बावन्नला नाना आले.

नाना मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर डोंगरावर राहायला आले ते इथलेच झाले. वरच्या लायनीत एकटे राहत. डाव्या डोळ्याची नजर गेली होती, उजव्यात दर महिन्याला सुई घ्यावी लागे. भिंतीवरून हात फिरवत ते चौकात आले आणि सरळ हवेत बोलले.

“सर्वेशा, आसस काय रे? गाडी काढ बाबा. साडेबाराच्या आत नाव लावूक होया, नायतर डॉक्टर उठतत.”

सर्वेशने नानांकडे पाहिलं नाही. त्याने नलिनीबाईंकडे पाहिलं.

इथून हॉस्पिटल गाडीवर पंचवीस मिनिटं. आत्ता निघाले तर नाना आरामात पोचणार होते. पण टाकीमागून एक गाडी बाहेर आली की चौकात उभी असलेली सात-आठ माणसं म्हणणार, त्यांना नेता, मग आम्ही काय घोडं मारलंय? ती सगळी अजून पंधराच्या आत होती.

नलिनीबाईंनी नजर रस्त्याकडे वळवली.

“नाना, बसा जरा,” सर्वेश म्हणाला. “गाडी पेट्रोल भरायला गेलीय. येतेय एवढ्यात.”

“बरां बरां.” नाना कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांच्या आणि नलिनीबाईंच्या मध्ये चार हात अंतर होतं. त्यांना कट्टा दिसत होता, माणूस दिसत नव्हता. त्यांनी खिशातून कागद काढला, चाचपला, परत ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा काढला.

श्रुतिकाने विचारलं, “आजोबा, तुम्ही आत्ताच आलात ना?”

“होय गे बाय.”

तिने वेळ लिहिली.

पाच मिनिटं झाली. सात. एखादं मूल एका अक्षरापाशी अडलं की किती वेळ थांबायचं आणि कधी हळूच शब्द पुढे सरकवायचा, हे नलिनीबाईंना न बघता कळायचं. आज त्या घड्याळातला सेकंदाचा काटा बघत होत्या. नाना मान वर करून रस्त्याचा कानोसा घेत होते. खालच्या वळणावर कुठल्याही इंजिनचा आवाज आला की ते अर्धे उठत आणि पुन्हा बसत.

अकरा मिनिटं झाली.

“सर्वेश,” नलिनीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “गाडी काढ. ने त्यांना.”

सर्वेश वाकून त्यांच्या कानाशी आला. चेहरा शहाण्या विद्यार्थ्याचा होता, प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर आलेल्याचा.

“चारच मिनिटं, बाई. मग शेवटच्या रकान्यात जातात. मी पळवतो गाडी, पोचवतो बरोबर.”

नलिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी ते दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. मग त्यांची नजर त्या कागदावर गेली, आणि ती चार मिनिटं निघून गेली.

बारा वाजून सात मिनिटांनी श्रुतिकाने खूण केली. सर्वेश टाकीमागे पळाला, गाडी घेऊन आला, नानांना बसवलं आणि वळणाआड दिसेनासा होईपर्यंत त्याचा हॉर्न वाजत राहिला. चौकात मागे राहिलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी थुंकलं. पण तोवर त्यातल्या बहुतेकांची पंधरा मिनिटं भरली होती.

एक वाजायला दोन मिनिटं असताना गाडी परत आली. मागे नाना होते.

सर्वेश खाली बघत म्हणाला, “नाक्यावर डंपर आडवा होता, बाई. बारा पस्तीसला पोचलो. नाव घेतलं नाही त्यांनी. तीन आठवड्यांनी बोलावलंय.”

“कोण, नलिनीबाय?” ‘बाई’ ऐकून नानांनी कट्ट्याच्या दिशेने तोंड वळवलं. “तू हंय कशाक बसलंस उन्हात?”

“सहज, नाना.”

“सर्वेशाक काय बोला नकात हां. पोरान गाडी लय पळवल्यान. तेचो काय दोष नाय. आमचाच नशीब.” त्यांनी चाचपत सर्वेशचा खांदा शोधला आणि थोपटला. “तीन आठवडे काय, असेच जातले. दिसता तेवढा दिसता.”

सुयोगने त्यांचा हात धरला आणि दोघे वरच्या लायनीच्या पायऱ्यांकडे गेले. नाना पायऱ्या मोजत चढत होते. मोठ्याने, मुलं मोजतात तसे.

श्रुतिका कागद नीट लावत होती. नलिनीबाई काठी टेकून उठल्या आणि तिच्यापाशी गेल्या.

“बघू.”

तिने पॅड पुढे धरलं. शेवटच्या रकान्यात एकोणीस खुणा होत्या. पहिला रकाना सोडला तर कागद त्यांच्या बाजूने बोलत होता.

“ह्यातली एक खूण खोडता येईल का?”

“कुठली?”

“बारा वाजून सातची.”

श्रुतिकाने त्यांच्याकडे, मग पायऱ्यांकडे पाहिलं. “पेनने आहे आजी. खाडाखोड केली तर अख्खा कागद बाद होतो. मग ह्या एकोणीसही जातात.” पॅड जवळ घेत ती म्हणाली, “आणि ते थांबले होते ना. खोटं नाहीये ते.”

“नाही. खोटं नाही.”

एक वाजला. श्रुतिकाने कागदाखाली सही केली, वेळ घातली, छत्री मिटली आणि पायीच उताराला लागली. सर्वेश मागून ओरडला, “मॅडम, सोडू का नाक्यावर?” तिने वळून नाही म्हणून हात हलवला.

“बाई,” सर्वेश म्हणाला, “एकोणीस म्हणजे चांगले ना?”

“चांगले.”

“मग झालं की काम.” तो हसला, पण बाई हसल्या नाहीत. “चला, घरी सोडतो. जेवायची वेळ झाली.”

“वरच्या लायनीला किती पायऱ्या आहेत रे?”

“नानांच्या घरापर्यंत? साठ-पासष्ट असतील. का?”

“पेट्रोलचं त्यांना सांगायला हवं.”

सर्वेशच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “बाई, ते काय मनात धरणार नाहीत. त्यांना कळलंसुद्धा नाही.”

“म्हणूनच.”

“तुमच्याने नाही चढवणार. मी पोरांना बोलावतो, खुर्ची आणतो…”

“खुर्ची नको,” नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला. “हात दे. आणि तूपण चल.”

पहिल्या पायरीवर त्यांनी एक पाय ठेवला, मग दुसरा. सर्वेशही तिथे थांबला. मग दोघे दुसऱ्या पायरीकडे बघू लागले.